हस्ताच्या ड्रमावरची रेघ

आमच्या राळेगावात आभाळावर हक्क सांगणारा एकच माणूस आहे, आणि माझं भाग्य असं की तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बत्तीस वर्षं त्यांनी एसटीची गाडी चालवली, म्हणजे बत्तीस वर्षं नजर समोरच्या रस्त्यावर ठेवली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जी मान वर केली ती अजून खाली आणलेली नाही. ढग दिसला की हा माणूस हातातला घास ताटात ठेवून अंगणात येतो, कमरेवर हात ठेवून वर बघतो आणि निकाल देतो, "हा नाही थांबत. हा डायरेक वर्ध्याले चालला." ढग निघून गेला तर ते माझ्याकडे बघून मान हलवतात. तो थांबून बरसलाच, तर म्हणतात, "म्या म्हटलं नव्हतं? त्याले आपल्याच गावात काम होतं." दोन्ही बाजूंनी खरं ठरण्याची ही विद्या मला एवढी वर्षं शाळेत शिकवूनही साधली नाही.

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून निळे अकरा ड्रम ओळीनं उभे आहेत. छतावरचं पावसाचं पाणी साठवून त्यावर बाग करणारी माणसं आता बरीच आहेत, त्यात नवल राहिलेलं नाही. पण आमचे साडभाऊ पाणी नक्षत्रवार साठवतात. मृगाचा ड्रम वेगळा, आर्द्राचा वेगळा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि सरतेशेवटी स्वाती. प्रत्येक ड्रमावर पत्र्याची पाटी आहे. ती त्यांनी डेपोतल्या जुन्या पेंटरकडून रंगवून घेतली, त्यामुळे एसटीच्या पाटीवर गावाचं नाव असतं त्याच वळणाची अक्षरं तिच्यावर आहेत. नवा पाहुणा हात धुवायला मागच्या दारी गेला की आश्लेषा नावाचं गाव कोणत्या तालुक्यात येतं, असा प्रश्न क्षणभर त्याच्या तोंडावर उमटतो. एखाद्या नक्षत्राचा ड्रम भरून वाहू लागला की जास्तीचं पाणी ओट्याखालच्या सिमेंटच्या टाक्यात जातं. तिथं सगळी नक्षत्रं एकमेकांत मिसळतात. त्या टाक्याला साडभाऊ 'उभे प्रवासी' म्हणतात. स्वातीचा ड्रम बहुतेक वर्षी कोरडाच राहतो, तरी त्याची पाटी ते दर दिवाळीला पुसून लख्ख करतात. मी एकदा म्हटलं, भाऊजी, हा ड्रम कमी करून टाका की. ते म्हणाले, "गाडी नाही आली म्हनून स्टँडावरची पाटी काढतेत का, मास्तर?"

नक्षत्र बदललं की छतावरून आलेल्या पाइपाचं तोंड एका ड्रमातून काढून पुढच्या ड्रमात घालायचं असतं, आणि हे काम ते कॅलेंडरात दिलेल्या वेळेला करतात, इकडचा मिनिट तिकडे होऊ देत नाहीत. एका वर्षी पुष्य लागायचं होतं भर दुपारी आणि पाऊस तर सकाळपासून धो धो लागलेला. साडभाऊ डोक्यावर खताचं पोतं घेऊन, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून पुनर्वसू आणि पुष्याच्या मध्ये उभे होते. वेळ झाली तसा त्यांनी पाइप उचलला, पण मोबाइलवरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्यात तीन मिनिटांचा फरक निघाला. कोणतं खरं हे ठरेपर्यंत त्यांनी पाइप हवेत धरून ठेवला. ते तीन मिनिटांचं पाणी सरळ माझ्या पायावर पडत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, घाला ना कुठंतरी!" ते ओरडले, "कुठंतरी कसं घालू? हे पानी कोनाचंच नाही अजून!" आतून ताईंचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा आवाज आला, "जवाईबापू, तुम्ही घरात या. त्याइचं होऊ द्या."

बाकीचे नियमही असेच कडक. मृगाच्या आधी छत झाडून, धुऊन काढायचं. त्यानंतर छतावर चप्पल घालून जायचं नाही. ताईंच्या कुरडया छतावर वाळत घालायच्या नाहीत, कारण "पीठ नालीत जाते अन् नालीतलं पाइपात." पहिल्या पावसाचं पाणी साठवायचं नाही, ते धूळ घेऊन येतं, म्हणून पाइपाचं बूच उघडून ते रस्त्याकडे सोडून द्यायचं. दुसऱ्या पावसापासून मग पाणी गिट्टी, वाळू आणि कोळशाच्या टोपल्यातून आणि शेवटी ताईंच्या जुन्या सुती लुगड्यातून गाळून आत घ्यायचं. प्रत्येक ड्रमावर घट्ट झाकण आणि झाकणावर दगड, म्हणजे डासाला जागा नाही. सकाळी उठल्याबरोबर ते या अकरा ड्रमांभोवती एक फेरी मारतात, आणि गाडी काढण्याआधी चाकांना लाथ मारून हवा बघायची सवय पायाला असल्यामुळे प्रत्येक ड्रमाला बुडाशी हलकी लाथ मारतात. भरलेला ड्रम दबका आवाज देतो आणि रिकामा ढोलासारखा वाजतो. त्या आवाजावरून ते मला एकदा म्हणाले होते, "मघाची तब्येत ठीक नाही."

पाणी देण्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. झाडावर पाइप धरणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आहे. लिंबू, संत्रा, कढीपत्ता, जास्वंद, प्रत्येकाच्या मुळाशी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं आहे. मडक्यात पाणी भरायचं, ते हळूहळू पाझरून मुळाला पोचतं. आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, वीतभर अंथरलेलं, त्यावर पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे तुकडे, म्हणजे उन्हाला मातीचं तोंडही दिसत नाही. कोणत्या झाडाला कोणतं पाणी हेही ठरलेलं. लिंबाला मघा, संत्र्याला उत्तरा, कढीपत्त्याला पुनर्वसू. का, असं विचारलं तर, "त्याइले मानवते" एवढंच उत्तर मिळतं. मी एकदा पिऊन उरलेलं अर्धा पेला पाणी सहज जास्वंदीच्या बुडाशी फेकलं, तर साडभाऊ खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "मास्तर, तुमच्या शाळेत कोनी सातवीच्या पोराले उचलून पाचवीत बसवलं तं चालन का तुम्हाले?" मी क्षमा मागितली. जास्वंदीची मागावी की त्यांची, हे न कळल्यामुळे दोघांच्या मध्ये बघून मागितली.

त्यांच्या आणखी दोन खोडी सांगायच्या राहिल्या. रोज सकाळी ते सायकलनं बसस्टँडवर जातात, सकाळची पहिली गाडी सुटताना बघतात, कॅन्टीनमध्ये चहा पितात आणि परत येतात. परत येताना गल्लीच्या कोपऱ्यापासून सायकलची घंटी वाजवायला लागतात ते फाटकापर्यंत थांबत नाहीत. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, तरी घंटी चालू. ड्रायव्हरकीची खोड म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. दुसरी खोड मिशीची. त्यांची मिशी म्हणजे ऐटदार चीज, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. डेपोत नव्या पोरांना साहेबापेक्षा या मिशीची जास्त भीती वाटायची. पण गेली चार वर्षं दर उन्हाळ्यात, चैत्र सरता सरता एखाद्या सकाळी ते ही मिशी सफाचट काढून टाकतात. पोळ्यापर्यंत ती पुन्हा होती तशी येते. कारण विचारलं तर, "घामोळं होते बापा मिशीखाली." मिशीखाली घामोळं झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ताई मात्र दर उन्हाळ्यात निमूटपणे घामोळ्याच्या पावडरीचा डबा आणून आरशापाशी ठेवतात.

या सगळ्या पाण्याच्या वेडाच्या मुळाशी एक मोगरा आहे, आणि तो ताईंचा आहे. ताईंना बागेची फार हौस. पण ड्रायव्हरच्या संसारात बाग कुठून येणार? पांढरकवड्याला भाड्याची एक खोली, मग वणीला, मग कळंबला, मग पुन्हा पांढरकवडा. बदली झाली की ताई सामानाच्या गाडीत भांडी, गाद्या, पोरगी आणि सर्वांत शेवटी तुपाच्या जुन्या डब्यात लावलेला मोगरा चढवायच्या. डबा मांडीवर धरून बसायच्या. निवृत्तीनंतर राळेगावच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो मोगरा डब्यातून काढून जमिनीत लावला. जमीन निघाली मुरमाड, बोअरचं पाणी निघालं खारं आणि एक दिवसाआड येणारा नळ तेव्हा गावाच्या त्या कडेला पोचलेला नव्हता. महिन्याभरात मोगऱ्याची पानं पिवळी पडली. ताई रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसायच्या. पुढं पाऊस लागला आणि आठ-दहा दिवसांत तोच मोगरा पुन्हा हिरवा झाला. साडभाऊंनी ते पाहिलं, मग छतावरून पन्हाळानं रस्त्यावर पळत चाललेलं पाणी पाहिलं. त्याच संध्याकाळी पहिला ड्रम घरी आला. सगळ्या ड्रमांत हस्ताचं पाणी सर्वांत गोड, असं त्यांचं मत असल्यामुळे हस्ताचा ड्रम मोगऱ्याच्या अगदी शेजारी, आणि त्यातला थेंब दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही.

आता ती पैज. ती माझ्यामुळे लागली हे कबूल केलं पाहिजे. पाच वर्षांपूर्वीचा पोळा. पुरणपोळ्या खाऊन आम्ही ओट्यावर बसलो होतो, समोर ड्रम भरलेले, झाडं तरारलेली. मी म्हटलं, "भाऊजी, आत्ता कोणाचीही बाग हिरवीच असते. उन्हाळ्यात काय करणार? तुमचे ड्रम होळीलाच बोंबलणार." माझ्या जिभेला हाड नाही, असं बायको म्हणते ते खरं आहे. साडभाऊंनी शांतपणे मिशीच्या दोन्ही टोकांना हात लावला. "आइका, मास्तर. पुढच्या मृगापर्यंत या बागेत छताच्या पान्याशिवाय दुसरं पानी पडलं, तं ही मिशी ठेवनार नाही. अन् ही बोली या एकाच वर्षाची नाही, दर वर्षाची." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता, हे मला नंतर आठवलं. मीही चढून बसलो. तुम्ही जिंकलात तर तुमच्या बागेसाठी कुटाराची दहा पोती माझ्या स्कूटरवरून वाहून आणीन, असं मी सांगून टाकलं.

तो उन्हाळा कडक गेला. आमच्याकडे वैशाखात दुपारी रस्त्यावर निघायचं तर कान बांधल्याशिवाय कोणी निघत नाही. आमच्या घरची तुळस वाळली, शेजारची पपई माना टाकून पडली, पण साडभाऊंची बाग टिकली. मोगऱ्याला तर फुलं आली. मी मुकाट्यानं हार मानली आणि पोत्यांच्या चौकशीला लागलो, तर साडभाऊ म्हणाले, "राहू द्या, मास्तर. कुटार म्या आनलं." त्यांची मिशी त्याआधी चैत्रातच घामोळ्यापायी गेली होती. मोठ्या मनाचा माणूस, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि पुढं तीन वर्षं सांगत राहिलो.

यंदा होळी झाली आणि ताई पुण्याला गेल्या. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं. मोठं नातवंड अडीच वर्षांचं, त्यामुळे लेकीला माहेरी येणं जमत नव्हतं. निघताना ताईंनी मोगऱ्याच्या मुळाशी कुटार सारखं केलं आणि साडभाऊंना एवढंच म्हणाल्या, "मी येईपर्यंत याले पाहा." साडभाऊ म्हणाले, "तू पोरीले पाहा." बसमध्ये त्यांना बसवून आले आणि तेव्हापासून ते मोगऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. उन्हाळ्यात ते दर दिवशी ड्रमात बांबूची कामटी बुडवून पाणी मोजतात, गाडीच्या टाकीतलं डिझेल मोजायचे तसं, आणि तेवढ्याच उंचीवर ड्रमाला बाहेरून खडूची रेघ मारतात. खडू अर्थात माझ्याकडून जातो. यंदा हस्ताची रेघ रोज खाली सरकत होती. मला वाटलं, उन्हाळाच तसा आहे. चैत्र अर्धा झाला तेव्हा रेघ ड्रमाच्या कमरेखाली गेली. मृग अजून कितीतरी लांब होता. साडभाऊ मोगऱ्याला पाणी देताना लोटी अर्धीच भरू लागले. वरची दोन पानं पिवळी झालेली मीसुद्धा पाहिली. मिशीला पीळ द्यायचं त्यांनी सोडलं होतं, पण मिशी जागेवर होती.

आणि एके दिवशी ताईंचा मला फोन आला. आवाज हळू होता. "जवाईबापू, एकटेच आहा न? एक काम होतं. त्याइले सांगायचं नाही." मी बरं म्हटलं. "सकाळी नळ येते न, त्या टायमाले ते स्टँडावर राह्यतात. तुम्ही जाऊन हस्ताच्या ड्रमात एक बादली टाकून द्या. नळाच्या दिवशी एकच बादली. जास्त नाही." मला काही उमगेना. मी विचारलं, "कशासाठी, ताई?" त्यांनी तिकडचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ते पानी पुरत नाही बापा. कधीच पुरलं नाही. मी टाकतो न दर उन्हाळ्यात. त्याइनं तुमच्यासमोर मिशीवर हात ठेवून शब्द देल्ला. त्याइचा शब्द खाली पडला असता तं बरं दिसलं असतं का?"

मी फोन ठेवला. माझ्या एका टोमण्यापायी ही बाई चार उन्हाळे बादल्या उचलत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, कारण साडभाऊ चार वर्षं नळाच्या पाण्याला हस्ताचं म्हणून सगळ्या गावाला त्याच्या गोडीवर भाषण देत होते.

दुसऱ्या दिवशी नळ होता. साडभाऊ सायकल घेऊन गेले तसा मी मागच्या फाटकानं आत शिरलो.  ताईंनी एक बादली सांगितली होती, पण पिवळी पानं बघून माझा जीव हलला आणि मी लोखंडी मोठ्या बादलीनं तीन बादल्या ओतल्या. त्यातली अर्धी तरी माझ्या धोतरावर आणि जमिनीवर सांडली असेल. तेवढ्यात कोपऱ्यावर घंटी वाजली. मी झाकण कसंबसं टाकलं, बादली नळाखाली लोटली आणि ओट्यावर येऊन पेपर उघडला. साडभाऊ आले, मला बघून मान हलवली, हातपाय धुवायला म्हणून मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी पेपरची तीच बातमी चारदा वाचून घरी गेलो.

संध्याकाळी चहाला गेलो तर ते नेहमीच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांची मिशी नव्हती.

"हे काय, भाऊजी? घामोळं इतक्या लवकर?"

त्यांनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला. मग म्हणाले, "मास्तर, सकाळी तुम्हीच ओतलं न?"

मी ओशाळलो. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. "रेघ मी मारतो. काल होती तिथून वीतभर वर चढली. चैत्रात वाढनारा ड्रम कोन्या कंपनीचा राह्यते का? झाकनावर दगड नाही, जमीन ओली, अन् तुमच्या धोतराचा काठ ओला. ती चार वर्षं टाकून राह्यली, एक थेंब कधी खाली सांडला नाही. तुमचा काही नाद नाही बापा!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी समजलं. रेघ खाली यायची ते एक दिवसाआड चार बोटं वर जाऊन राह्यली. मंग एक दिवस स्टँडावरून लवकर आलतो. कोपऱ्यावरूनच पाह्यलं. पदर खोचून, लोखंडाची बादली दोन्ही हातानं घेऊन चालली होती. मी तिथूनच सायकल फिरवली."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू?" ते म्हणाले. "तिले वाटते, तिनं माहा शब्द राखला. म्या सांगतलं असतं तं तिची बादली फुकट गेली असती. अन् शब्द तं मोडलाच होता. छताच्या पान्याशिवाय दुसरं पानी पडलं म्हंजे पडलं. म्हनून त्याच दिवशी मिशी काढली. दर वर्षी, ती पहिली बादली टाकते त्या दिवशी काढतो." त्यांनी मोकळ्या ओठावरून बोट फिरवलं. "यंदा तुमच्या हातून गेली."

मी कप खाली ठेवला. कोपऱ्यापासूनची ती घंटी कोणासाठी वाजत होती, तेही तेव्हाच कळलं. एक बाई नवऱ्याची मिशी राहावी म्हणून पाणी टाकते, आणि तिनं पाणी टाकलं म्हणून नवरा मिशी काढतो, आणि दोघं एकाच आरशापाशी घामोळ्याची पावडर ठेवून चार वर्षं सुखानं नांदतात, हे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. बसलं तेव्हा मात्र मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. मी म्हटलं, "आता काय करू मी?"

"तिनं सांगतलं न? मंग टाका. पन एकच बादली. अन् झाकनावर दगड ठेवत जा, डास होतेत."

मग दीड महिना मी नळाच्या दिवशी हस्ताचं पाणी वाढवत गेलो आणि साडभाऊ कोपऱ्यावर घंटी वाजवत गेले. रोज रात्री जेवणाआधी ताईंचा फोन यायचा. साडभाऊ तो स्पीकरवर टाकायचे. बाळ कसं आहे, मोठा काय म्हणतो, हे झालं की ताई विचारायच्या, "हस्तात पानी आहे का?" साडभाऊ माझ्याकडे न बघता सांगायचे, "आहे न. काही समजतच नाही मले. बाकीचे उतरले अन् हे उतरतच नाही. हस्ताच्या पान्यात गुनच तसा आहे." पलीकडून हसू दाबल्याचा आवाज यायचा. "असन बापा," ताई म्हणायच्या. मोगऱ्याची पिवळी पानं गळाली आणि बारीक हिरवे फुटवे दिसू लागले. पहिली कळी आली तेव्हा साडभाऊंनी मला घरून बोलावून आणून ती दाखवली.

मृगाला आठ-दहा दिवस असताना ताई आल्या. साडभाऊ इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर गेले होते. ताई रिक्षातून उतरल्या त्या पिशव्या तशाच सोडून मागच्या दारी गेल्या. मोगरा फुलला होता. त्यांनी दोन फुलं काढून पदरात ठेवली, मग साडभाऊंच्या तोंडाकडे बघितलं. "यंदाही घामोळं आलं वाटते?" "भल्लं आलं," साडभाऊ म्हणाले. ताईंनी पिशवीतून पुण्याहून आणलेला पावडरीचा डबा काढला आणि आरशापाशी नेऊन ठेवला. मी दोघांकडेही बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी नळ होता. मी सवयीनं मागच्या फाटकाशी गेलो, तर ताई नळापाशी होत्या. मी आडोशाला थांबलो. पुण्यात दोन नातवंडांच्या मागं जिने चढून-उतरून त्यांचा गुडघा दुखावला होता. लोखंडी बादली त्यांनी उचलून पाहिली, खाली ठेवली, अर्धं पाणी ओतून टाकलं आणि उरलेलं घेऊन, मध्ये एकदा थांबून, हस्तापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी साडभाऊंनी रेघ मारली तेव्हा मी शेजारी होतो. रेघ दोनच बोटं चढली होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. खडू खिशात ठेवला. 

पुढच्या नळाच्या दिवसापर्यंत लोखंडी बादली नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक लहानशी, हलकी लाल प्लास्टिकची बादली आली. ताईंनी विचारलं तर, "ते बुडाशी गळत होती, भंगारात देल्ली," असं साडभाऊंनी सांगितलं. ती भंगारात गेलेली नाही. त्यांच्या सायकलच्या खोलीत कुटार भरून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि बूड तर चांगलं शाबूत आहे.

मृग अजून लागायचा आहे. साडभाऊ रोज सकाळी स्टँडवर जातात आणि परत येताना घंटी वाजवतात. पण आता ती कोपऱ्यापासून वाजत नाही. पार पलीकडच्या पिंपळापासून वाजायला लागते, आणि सायकल हातात धरून ते पायी येतात, कारण ताईंना हस्ताच्या ड्रमापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हल्ली थोडा वेळ लागतो.